पेटीतल्या बाईविषयी वाचकांचे अभिप्राय

४ फेब्रुवारी

प्रकाशकांनी सांगितलं म्हणून ही वही. म्हणाले, "लेखकराव, एका कादंबरीनंतर हात आखडला की संपलं. रोज चार ओळी लिहीत जा, काहीही लिहा." माझा हात आखडतो तो थंडीत, आणि त्यावर उपाय गरम पाण्याचा. पण सत्तावन्न वर्षांच्या सुताराचं पहिलं पुस्तक छापायला काळीज लागतं. ते त्यांनी दाखवलं, तेव्हा त्यांचा शब्द मोडवत नाही.

बातमी अशी की 'आतली कडी'ची पहिली आवृत्ती संपत आली आणि दुसरी निघणार. फक्त वाचकांमध्ये दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात शेवट जबरदस्त, निम्मे म्हणतात शेवटाने घात केला. प्रकाशक म्हणाले, "मार्चअखेर ठरवा. शेवट ठेवायचा तर ठेवा, बदलायचा तर बदला. एकदा छपाईला गेलं की मी तुमचा फोन उचलणार नाही."

हिला विचारलं. ही म्हणाली, "लिहिताना मला विचारलं नव्हतंत, आता कशाला?" आणि भाजी चिरत राहिली.

५ फेब्रुवारी

शेवट बदलायचा की नाही हे ठरवायला आधी गोष्ट डोळ्यांसमोर हवी, म्हणून थोडक्यात मांडतो.

एक नावाजलेला जादूगार. त्याची सहायिका उभ्या पेटीत शिरते, झाकण बंद होतं, तो नऊपर्यंत मोजतो आणि पेटीत आरपार तलवारी खुपसतो. तेवढ्या वेळात ती तळाची चोरफळी सरकवून खालच्या पोकळीत निजलेली असते. एके दिवशी टाळ्या तिलाच जास्त पडतात म्हणून तो जळतो आणि मुद्दाम सातलाच थांबतो. त्यानंतर प्रत्येक खेळात रिकाम्या पेटीतून दोन ठोके ऐकू येतात. शेवटी जादूगार स्वतः पेटीत शिरतो आणि आतली कडी आपोआप पडते.

पान बारा ते एकोणीस एक म्हातारा सुतार आहे. पेटी त्याने केलेली. सालस, कामात चोख, एकोणिसाव्या पानावर तापाने जातो. तो मला फार आवडतो.

१० फेब्रुवारी

आज ग्रंथालयात गेलो. तिथली कपाटं, शिड्या आणि फिरत्या पेट्या मीच दुरुस्त करतो. फिरती पेटी म्हणजे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी. अशा सहा पेट्या बसने लहान गावांना जातात आणि पंधरवड्याने बदलून परत येतात. ग्रंथपाल बाई मला मिस्त्री म्हणून ओळखतात. पुस्तकावर टोपणनाव आहे, फोटो नाही. त्यामुळे मला तिथे राजासारखं वेश बदलून फिरता येतं.

बाईंची एक पद्धत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आतून कागदाची लांब पट्टी चिकटवलेली असते. वाचून झालं की तिच्यावर एक ओळ लिहायची, खाली नाव नाही, फक्त सभासद क्रमांक; गावचा सभासद असेल तर आधी पेटीचा नंबर. नाव नसलं की माणूस खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

आज चार नंबरची पेटी आली होती. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, झाकण अडतंय, बघा जरा," आणि आतली पुस्तकं काढून माझ्याच बाकावर रचून गेल्या. सगळ्यात वर 'आतली कडी'. काय योगायोग असतात एकेक.

झाकण पाच मिनिटांत झालं. पट्टी वाचायला अर्धा तास लागला. इथे उतरवून घेतो.

सभासद ११२: दिवा चालू ठेवून झोपावं लागलं. नवरा वैतागला.

सभासद ४०: भीती? मला तर झोप लागली. दोनदा.

सभासद २०७: जादूगार असून पुस्तकात एकही ससा नाही.

सभासद ८९: पान ८८ वरचा चहाचा डाग माझा नाही, आधीपासून आहे. पुस्तक चांगलं.

सभासद ६१: जादूगाराला एवढ्याने सोडायला नको होतं. नालायक माणूस.

आणि सगळ्यात खाली पेन्सिलीने, डावीकडे कललेल्या मोठमोठ्या अक्षरांत, पहिलीतल्या पोराने काढावीत तशा, सभासद ४/१७: सुतार फारच चांगला दाखवलाय. इतकं चांगलं कुणी नसतं.

व्यक्ती तितक्या प्रकृती, हे मला कळतं. झोप लागलेल्या माणसाचाही मला राग आला नाही. झोप लागणं चांगलंच. पण सुताराने या पेन्सिलवाल्याचं काय बिघडवलंय?

११ फेब्रुवारी

रंधा मारताना दिवसभर तेच डोक्यात. संध्याकाळी हिला विचारलं, "सुतार जरा जास्तच चांगला झालाय का गं?"

"कुठला? पुस्तकातला?"

हिला सरळ उत्तर देता येत नाही, हे मी लग्नाच्या आधीच ओळखायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी

चार नंबरची पेटी पुन्हा आली आणि झाकण पुन्हा अडत होतं. मी केलेलं काम पंधरा दिवसांत बिघडत नाही, म्हणून नीट पाहिलं तर खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा बसला होता. प्रवासात शिरला असेल. बाईंनी पुस्तकं पुन्हा माझ्या बाकावर ठेवली होती.

पट्टी भरली म्हणून त्यांनी शेजारी दुसरी चिकटवली आहे. "वीस वर्षांत एका पुस्तकाला दुसरी पट्टी लागली नव्हती," म्हणाल्या. "तुम्ही वाचलंत का मिस्त्री?"

"वेळ कुठे मिळतो, बाई."

"खरंय. वाचायला वेळ मिळत नाही आणि लिहायला मिळतो, असंही असतं काहींचं." असं काहीसं बोलून त्या आत गेल्या. त्यांचं बोलणं कधी कधी माझ्या डोक्यावरून जातं.

पट्टीवर भांडण जुंपलं आहे. ६१ च्या खाली कुणीतरी लिहिलंय, दोष जादूगाराचा नाही, पेटीच शापित होती. त्याच्या खाली दुसऱ्याने लिहिलंय, लाकूड कधी शापित असतं का, डोकं असतं. हे मला आवडलं. मी स्वतः लिहिलं असतं, पण मी सभासद नाही.

पेन्सिलवाल्याने पुस्तक पुन्हा नेलं होतं. ४/१७: जादूगाराने मुद्दाम केलं हे पटलं नाही. हजार वेळा बरोबर मोजणारा माणूस मुद्दाम चुकत नाही.

दोनदा नेलं म्हणजे त्याला आवडलं असणार. कुणीतरी आपलं पुस्तक दोनदा घरी नेतं, दोनदा उशाशी ठेवतं. त्या माणसाचे आभार मानावेत असं वाटलं, पण तो एकेका ओळीत माझ्या कादंबरीचा एकेक पाय कापतोय. सुतार पटला नाही, जादूगार पटला नाही. उरलं काय?

२६ फेब्रुवारी

ही आतल्या खोलीत दार लोटून फोनवर बोलते, बहिणीशी म्हणते. हल्ली फार बोलते. आज माझी चाहूल लागताच म्हणाली, "बरं, ठेवते, आले आहेत." बहिणीला एवढं काय सांगायचं असतं, देव जाणे.

१ मार्च

प्रकाशकांचा फोन. "काय ठरलं?" म्हटलं, विचार चालू आहे. ते म्हणाले, "एक वाचक मला पत्राने विचारतोय, हा जादूगार खरा कुणी होता का?" मी म्हटलं, छे.

आता ही वही माझीच आहे आणि हिला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा लिहितो.

माझा मोठा भाऊ जादूचे खेळ करायचा. पेट्या मी करायचो आणि पेटीत वहिनी शिरायची. सात वर्षं आम्ही तिघांनी मिळून खेळ केले. बावीस वर्षांपूर्वी एका खेळात पहिली तलवार वहिनीच्या उजव्या तळहातातून गेली. हात वाचला, पण दोन बोटं वळेनाशी झाली. दादाने सगळ्यांना एकच सांगितलं, "माझी मोजणी चुकली." त्यानंतर त्याने खेळ सोडला आणि टेकड्यांपलीकडे कुठल्याशा गावी राहायला गेला. घड्याळं दुरुस्त करतो, असं उडत उडत कानावर आलं. मी या शहरात आलो. आमचं भांडण झालं नाही. मी जाणं सोडलं, एवढंच.

पुस्तकातला जादूगार म्हणजे दादा नव्हे. दादा कुणावर कधी जळला नाही. टाळ्या पडल्या की तो आधी वहिनीकडे हात करायचा, मग पडद्याकडे, जिथे मी उभा असायचो. गोष्टीत कुणीतरी खलनायक लागतो, म्हणून तसं लिहिलं.

पेटीच्या रंगाबद्दल पुन्हा कधी.

३ मार्च

काही नाही. एक दार, दोन खिडक्या, एवढंच काम.

१० मार्च

चार नंबरची पेटी आली. बाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

४/१७: दोन ठोक्यांना लोक इतके भितात याचं नवल वाटतं. दोन ठोके म्हणजे "मी नीट आहे, चालू द्या."

मी शिडीच्या पायरीवर बसलो. बाईंनी पाणी आणून दिलं आणि दार लावून घेतलं, कुणी आत येऊ नये म्हणून.

ठोक्यांचा अर्थ मी पुस्तकात कुठेच लिहिलेला नाही. पुस्तकात ठोके भुताचे आहेत. खऱ्या खेळात वहिनी खालच्या पोकळीत पोचली की आतून दोनदा ठोकायची; मग दादा पहिली तलवार उचलायचा. हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक मी. दुसरा दादा, त्याचं अक्षर छापल्यासारखं सरळ. आणि तिसऱ्या माणसाची उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणजे ते डाव्या हाताने लिहीत असणार, डावीकडे कललेलं, पहिलीतल्या पोरासारखं.

मी तिला महिनाभर पेन्सिलवाला म्हणत होतो.

१० मार्च, पुढे

खाई त्याला खवखवे म्हणतात. बावीस वर्षं खवखवलं, आज लिहून टाकतो.

दिव्याचा झोत पडला की चोरफळीच्या खाचेतलं लाकूड चमकायचं. दादाने सांगितलं होतं, त्याला काहीतरी कर. मी आदल्या दिवशी खाचेला काळ्या रंगाचा दुसरा हात दिला. वाळला असं वाटलं. खाचेत रंग भरायचा नसतो, मेण घासायचं असतं. हे आमच्या वडिलांनी मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, कानाला धरून. रंग आतून ओला राहिला आणि फळी अडकली. वहिनी खाली पोचलीच नाही.

दादा म्हणाला, माझी मोजणी चुकली, आणि मी गप्प राहिलो. चार दिवस गप्प राहिलो, मग महिना, मग बोलायची सोयच राहिली नाही. आणि एवढं कमी होतं म्हणून मी पुस्तक लिहिलं. त्यात जादूगाराला खुनी केलं आणि सुताराला एकोणिसाव्या पानावर ताप आणून सोडवलं. वहिनीने ते तीनदा वाचलं.

इतकं चांगलं कुणी नसतं. बरोबर आहे.

११ मार्च

हिला सांगितलं. वाटलं होतं ही रडेल किंवा रागावेल. हिने गॅस बंद केला आणि समोर बसली.

"रंगाचं मला माहीत नव्हतं," म्हणाली. "काहीतरी आहे हे माहीत होतं. तुम्ही घरातल्या एकाही खणाला कधी आतून रंग देत नाही."

"आणि वहिनीकडे पुस्तक कसं गेलं?"

"चार नंबरची पेटी त्यांच्या गावी जाते. मी ग्रंथपाल बाईंना सांगितलं, पुस्तक त्या पेटीत घाला."

"म्हणजे बाईंना माहीत आहे की पुस्तक मी..."

"अहो, तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे. झाकणात पुठ्ठा कुणी घातला असेल?"

"आणि तू फोनवर बहिणीशी बोलते म्हणायचीस."

"जाऊ बहिणीसारखीच असते. बावीस वर्षं बोलतेय. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, कुठली बहीण." हिला एकच बहीण, आणि ती कानाने अधू. फोन कधी घेतच नाही. हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी मान खाली घालून गप्प बसलो असताना, कुणीतरी माझ्यामागे त्या घराचं दार उघडं ठेवलं होतं. मी तिला तसं म्हणालो. "बरं बरं," म्हणाली, आणि गॅस पुन्हा लावला.

१६ मार्च

दादाकडे जाऊन आलो. लिहायला दोन दिवस लागले.

पुढच्या खोलीत दुकान. भिंतीवर घड्याळं, सगळ्यांची वेळ एकच. दादा डोळ्याला भिंग लावून बसला होता. केस सगळे पांढरे. माझ्याकडे पाहून भिंग काढलं, पुसलं, डबीत ठेवलं. म्हणाला, "तू दोनच्या बसने येणार होतास ना? अकरालाच आलास."

"आधीची मिळाली."

"बस मग."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. म्हटलं, "दादा, फळी माझ्यामुळे अडकली. खाचेत मी..."

"दुसरा हात दिलास. माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. हिला दवाखान्यात सोडलं आणि परत येऊन फळी काढून बघितली. बोटाला रंग लागला. मग तपासणीवाले यायच्या आत खाच तासून टाकली."

मी विचारलं, "का?"

"तुझ्या बायकोला सातवा महिना होता. जादूगार चुकला तर लोक हळहळतात आणि विसरतात. सुताराच्या पेटीत बाई अडकली हे बाहेर पडलं असतं, तर तुला खुंटी ठोकायलासुद्धा कुणी बोलावलं नसतं." तो हे घड्याळाचा पट्टा बदलावा इतक्या साधेपणाने बोलत होता. "आणि मी काही खोटं बोललो नाही. त्या दिवशी टाळ्या थांबत नव्हत्या. ठोके ऐकू आले नाहीत. मी धरून चाललो की दिले असतील. धरून चालणं म्हणजे मोजणी चुकणंच."

माझी मुलगी दोन महिन्यांनी जन्मली. तिचं शाळा-कॉलेज, आता नोकरी, माझ्या हातातलं प्रत्येक काम, या शहरातलं प्रत्येक दार ज्याला माझा हात लागला, ते सगळं त्या एका वाक्यावर उभं होतं. माझी मोजणी चुकली. मी दादाच्या पायाशी खाली बसलो. तो म्हणाला, "उठ, तिथे स्क्रू सांडलेत."

वहिनी आतून दारात येऊन उभी होती. कधीपासून, माहीत नाही.

"झालं दोघांचं?" म्हणाली. "की अजून कुणाला काही कबूल करायचंय?"

दादा खाली वाकून स्क्रू वेचायला लागला, मीही.

"बावीस वर्षं एकाने घड्याळात तोंड घातलं आणि एकाने लाकडात. हात माझा गेला, तोंडं तुम्ही लपवलीत. भाऊजी, तुमचं पुस्तक मी तीनदा वाचलं. त्या पट्टीवर माणसं भांडतायत, जादूगार दोषी की पेटी दोषी. आणि पेटीतली बाई? दोनशे पानं ठोके देते बिचारी. एक शब्द बोलू दिला नाहीत तिला. आत काय झालं, ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि यांनी विचारलं नाही."

"मग सांगा, वहिनी," मी म्हटलं.

वहिनी स्टूल घेऊन बसली. म्हणाली, फळी चार बोटं सरकली आणि थांबली. पाचपर्यंत ती ढकलत होती. सहाला कळलं की सरकणार नाही. सातला ओरडायला तोंड उघडलं. "आणि मिटलं," म्हणाली. "का, माहीत आहे? खेळ मोडेल म्हणून. लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, ठोके दिले नाहीत म्हणजे हे थांबतीलच. आणि तलवारीऐवजी मी कशाचा विचार करत होते सांगू? झाकण उघडलं तर केस विस्कटलेले दिसतील, याचा. एक हाक मारली असती तर तिघं सुटलो असतो. मीही गप्प बसले. तुमच्यासारखीच."

दादा तिच्याकडे बघत राहिला. बावीस वर्षं एका घरात राहून त्याने हे पहिल्यांदा ऐकलं असावं. त्याने हात पुढे केला आणि तिची ती न वळणारी बोटं हातात धरली. एक घड्याळ पडलं तरी त्याने वर पाहिलं नसतं.

मग वहिनी म्हणाली, "स्वयंपाकघरातलं कपाट अडतंय. या घरात बावीस वर्षांत सुतार आलेला नाही, हे बोलवत नाहीत कुणाला."

मी हत्यारं नेली नव्हती. दादाचा बारीक तासणीचा चाकू घेतला, खाच साफ केली आणि मेणबत्ती घासली. दार बोटाने ढकललं तर आपोआप गेलं. वहिनीने ते चार वेळा उघडून मिटलं.

मी विचारलं, "दादा, पुस्तक वाचलंस का?"

"नाही," तो म्हणाला. "हिने सांगितलं, जादूगार जळतो म्हणून. मला ते वाचायचं नाही."

मी म्हटलं, "आत्ता वाचूही नकोस."

परतीच्या बसपर्यंत दोघे सोडायला आले. मी खिडकीशी बसलो. दादाने ड्रायव्हरला वेळ विचारली आणि स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिली. बस सुरू झाली तरी वहिनी तिथेच होती. तिने उजवा हात उचलला आणि त्या दोन ताठ बोटांनी बसच्या पत्र्यावर दोनदा ठोकलं.

२९ मार्च

प्रकाशकांकडे देऊन आलो. शेवट बदलला नाही, शेवटाच्या आधी एक प्रकरण घातलं. नाव 'नऊपर्यंत'. त्यात फक्त पेटीतली बाई बोलते. वहिनीने फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि जिथे मी वाक्य सजवलं तिथे तिने पुसायला लावलं. जादूगार आता कुणावर जळत नाही, मुद्दाम सातलाही थांबत नाही. त्याला टाळ्यांमध्ये ऐकू येत नाही, एवढंच. सुतार एकोणिसाव्या पानावर मरत नाही. त्याला शेवटपर्यंत जगावं लागतं, हातात ब्रश घेऊन.

प्रकाशक म्हणाले, "खलनायकच काढून टाकलात! मग भिणार कशाला?" मी म्हटलं, वाचून बघा.

संध्याकाळी फोन आला. "लेखकराव, मी ऑफिसचं दार उघडं ठेवून बसलोय. चांगलं झालंय. आता झोपू द्या."

१८ जून

ग्रंथालयातून येतोय. मध्ये लिहिलं नाही, कारण कामं होती आणि दोनदा दादाकडे जाणं झालं. एकदा मुलीलाही नेलं. दादाने तिला नाण्याची जुनी हातचलाखी दाखवली. नाणं हातातून पडलं आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या आवृत्तीची प्रत आधी इथल्या सभासदांनी वाचली, मग बाईंनी ती चार नंबरच्या पेटीत घातली होती. आज परत आली. झाकण छान सरकत होतं. बाई म्हणाल्या, "आता पुठ्ठ्याची गरज नाही ना, मिस्त्री?" मी त्यांना नमस्कार केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा केला, म्हणून त्या जरा गडबडल्या.

पट्टी अशी आहे.

सभासद ६१: आता कुणाला शिव्या द्यायच्या ते कळेना. फसवणूक.

सभासद ४०: या वेळी झोप लागली नाही.

सभासद ११२: 'नऊपर्यंत' वाचलं आणि नवऱ्याला उठवून सांगितलं, काही झालं तरी ओरडत जा.

सभासद २०७: अजूनही ससा नाही.

सभासद ८९: पान १४ वर चहाचा डाग पडला आहे. हा माझा.

पेन्सिलीने, डावीकडे कललेलं, ४/१७: आता सुतार ओळखीचा वाटला.

यातल्या एकेका माणसाला घरी बोलावून चहा पाजावा, असं वाटलं. झोपणाऱ्याला, शिव्या देणाऱ्याला, ससेवाल्यालाही. ही माणसं भांडली नसती तर दुसरी पट्टी लागली नसती, आणि वहिनीला लिहायला जागा उरली नसती.

सगळ्यात खाली शाईने एक ओळ होती. क्रमांक ४/१८. मी बाईंना विचारलं, हा कोण. त्यांनी रजिस्टर न उघडता सांगितलं, त्या गावचा नवा सभासद, याच महिन्यात नाव घातलंय, आजवर एकच पुस्तक नेलंय.

अक्षर छापल्यासारखं सरळ. लिहिलं होतं: मोजणी बरोबर आहे.